पाचवं कलम

मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या अंगाला, एक गाव होतं असं धरून चालू. नकाशात शोधू नका, बोधकथेतल्या गावाचा सातबारा निघत नाही. भोवतालचं बाकी सगळं खरं आहे: काळी भारी जमीन, कपाशी, तूर, मूग, आणि बादली सोडली की विहिरीतून वर येणारं खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे, त्यातलं हे गाव. इथल्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन एकदा कपाकडे पाहतो.

गावात अकरा विहिरी होत्या आणि अकराही खाऱ्या. पट्ट्याच्या बाहेर, चढावर, दुसरं एक गाव होतं. त्याला सगळे वरचं गाव म्हणत. तिथं गोडं पाणी होतं, पैसा होता आणि पाण्याबरोबर येते ती ऐटही होती.

खालच्या गावाच्या सरपंचानं तीन वर्षं खेटे घालून वरच्या गावाशी एक करार ठरवला. चाळीस वर्षं पाइपानं गोडं पाणी मिळायचं. आता फक्त ग्रामपंचायतीचा ठराव बाकी होता. सदस्य नऊ. चार सरपंचाचे, तो स्वतः धरून. दोन तिसऱ्या पॅनलचे. त्यांच्या टेकूवर सरपंच खुर्चीत बसला होता. उरलेले तीन विरोधी.

करार पुढे आला आणि टेकूवाले दोघं उठले. वरचं गाव म्हणजे सावकार, आज पाणी देईल आणि उद्या आपल्या चुलीत डोकावेल, असं त्यांचं म्हणणं. ते पहिल्यापासून हेच म्हणत होते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. विरोधी पॅनलचं तसं नव्हतं. त्यांचा पुढारी म्हणजे माजी सरपंच. वरच्या गावाकडे पाण्याचं बोलणं पहिल्यांदा त्यानंच काढलं होतं, आपली सत्ता असताना. आता तो म्हणत होता, ‘करार वाईट नाही, पण हा करार वाईट आहे.’ म्हणजे काय, ते त्याला कोणी विचारलं नाही.

चार विरुद्ध पाच. सरपंचाला एक हात कमी पडत होता.

हे सगळं चाललं होतं २००८ च्या जुलैत. गावात दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन. पारसचं औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात, पण गावातला दिवा त्याला विचारून जात नव्हता. संध्याकाळी पारावर एक निवृत्त गुरुजी अकोल्याहून आलेलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत. त्या महिन्यात त्यात दुसरं काही नसायचंच. दिल्लीत अशाच एका करारावरून सरकार टांगणीला लागलं होतं.

१८ जुलै २००५ रोजी मनमोहनसिंग आणि जॉर्ज बुश यांनी अणुसहकार्याचं निवेदन केलं, तिथून तो विषय सुरू झाला. अमेरिका अणुइंधन आणि तंत्रज्ञान देणार. बदल्यात भारतानं नागरी अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीला खुल्या करायच्या. ८ जुलै २००८ ला डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला. आदल्या दिवसापर्यंत कराराला नावं ठेवणारा समाजवादी पक्ष, माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांना भेटून आल्यावर, करार देशहिताचा आहे म्हणू लागला. अमेरिकेशी जवळीक वाढवण्याची बोलणी ज्यांच्या सत्तेत पुढे सरकली, तो भाजप विरोधात उभा राहिला. गुरुजी हे वाचत आणि पारावरची माणसं माजी सरपंचाच्या घराकडे बघून खोकत.

आता नववा सदस्य. खरं म्हणजे नववी. विरोधी पॅनलची, राखीव जागेवर निवडून आलेली एक बाई. सातवी शिकलेली. निवडून आल्यापासून सही तिची आणि तोंड नवऱ्याचं, असा कारभार चालला होता. सरपंचानं हिशेब केला आणि एका संध्याकाळी तिच्या ओसरीवर येऊन बसला. तिच्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता, असं तो नवऱ्याला म्हणाला. दुसऱ्या दिवशी माजी सरपंच आला. पॅनल सोडलं तर पुढच्या वेळी तिकीट विसरा, असं तो नवऱ्याला म्हणाला. तिसऱ्या दिवशी टेकूवाले दोघं आले आणि वरच्या गावाच्या मागच्या तीन पिढ्यांची पापं नवऱ्याला सांगून गेले. ती आत भाकरी थापत होती. सगळ्यांना चहा तिनंच दिला आणि चहा देताना सगळ्यांना एकच विचारलं.

“त्या कागदात हाय काय?”

सरपंच म्हणाला, “सारं चांगलंच हाय, वयनी. तुमी निस्ता हात वर करा.”

माजी सरपंच म्हणाला, “थो कागद आपल्या कामाचा नाही. आपल्या पॅनलचं ठरलं हाय.”

टेकूवाल्यांपैकी एक म्हणाला, “कागदाले काय पाहाचं? मानसं पाहा.”

कागद कोणाकडेच नव्हता. चौथ्या दिवशी ती डोक्यावरचा पदर सारखा करून ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकानं कपाट उघडलं, घरपट्टीच्या पावती पुस्तकांखालून सात पानांचा कागद काढला आणि धूळ झटकली. इतके दिवस कोणी मागितला नव्हता म्हणून तो खाली गेला, असं तो म्हणाला. यात त्याची चूक नव्हती.

त्या रात्रीही लाइन नव्हती. तिनं गुरुजींना बोलावलं, कंदील पेटवला आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमी बी आयका.” नवरा भिंतीला टेकून बसला. इतके दिवस करारावर तोच बोलत होता, त्यामुळे ऐकायला त्याला थोडी लाज वाटली असावी.

पहिलं कलम गोड होतं, पहिली कलमं तशीच असतात. दुसऱ्यात लिहिलं होतं की पाणी पिण्यापुरतं. बागेला द्यायचं नाही, विकायचं नाही. तिसऱ्यात होतं की हे पाळलं जातं की नाही ते बघायला वरच्या गावाचा माणूस येईल आणि अकरापैकी सात विहिरी तपासेल.

“म्हंजे आपल्या इहिरीवर त्यायचा मानूस?” ती म्हणाली.

“थांब,” गुरुजी म्हणाले. “कोणत्या सात, हे कोण ठरवणार? खाली बघ.” खाली लिहिलं होतं: खालचं गाव ठरवील. गुरुजींनी तिला दिल्लीचं सांगितलं. तिथंही बावीस अणुभट्ट्यांपैकी चौदा तपासणीला द्यायचं ठरलं, आणि कोणत्या चौदा यावरच खरी झटापट झाली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर अडून बसले की आपल्या संशोधनातल्या ब्रीडर भट्ट्या त्यात नकोत. त्या बाहेर राहिल्या. “काकोडकरांनी ‘करार नको’ असं म्हटलं नाही,” गुरुजी म्हणाले, “आणि ‘आणा तो, सही करतो’ असंही म्हटलं नाही. यादी घेऊन बसले.”

चौथ्या कलमात टाकी होती. पाणी साठवायची मोठी टाकी गावाच्या उत्तरेला, अमुक गटात बांधावी, असं. तिथं ते दोघं फार थांबले नाहीत. पाचव्यावर थांबले.

पाचव्यात लिहिलं होतं की टाकीत गावाला पुरेल असा राखीव साठा ठेवता येईल आणि तो भरून द्यायला वरचं गाव मदत करील. काही कारणानं पुरवठा थांबला तर दुसऱ्या गावांकडून पाणी मिळवून द्यायलाही मदत करील. दिल्लीच्या करारातही इंधनाची हमी आणि राखीव साठ्याची गोष्ट पाचव्याच कलमात आहे. हा योगायोग मी मुद्दाम घडवून आणला, कथाकाराला एवढी मोकळीक असते.

सातव्या पानाच्या मागं टाचणीनं एक चिठोरं लावलं होतं. वरच्या गावाच्या ग्रामसभेचा वेगळा ठराव. त्यात होतं: खालच्या गावानं पाणी बागेला दिल्याचं दिसलं तर आमचा सरपंच पाणी तात्काळ बंद करील.

“करारात पाणी मिळवून देऊ म्हनते, अन चिठ्ठीत बंद करू म्हनते,” ती म्हणाली. “खरं कोनतं?”

गुरुजी हसले. हाच प्रश्न दिल्लीत दोन वर्षं चालला होता. अमेरिकेच्या काँग्रेसनं डिसेंबर २००६ मध्ये हाइड कायदा केला. भारतानं अणुचाचणी केली तर सहकार्य थांबेल, ही टाचणी त्यात होती. सरकार म्हणे, तो त्यांचा घरचा कायदा, आपल्याला बांधील नाही. डावे म्हणत, ज्याच्या घरचा कायदा त्याच्याच घरचं पाणी. आणि यात तारापूरची आठवण होतीच. १९६३ मध्ये अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला, १९६९ मध्ये तारापूरचं केंद्र सुरू झालं, १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, आणि पुढं अमेरिकेनं इंधन देणं बंद केलं. मग फ्रान्सकडून आणा, आणखी कोणाकडून आणा. कागदावरची तीस वर्षं कागदावरच राहिली.

“म्हंजे त्यायनं एकदा नळ बंद केलता,” ती म्हणाली.

“केला होता.”

ती बराच वेळ पाचव्या पानावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “मंग आधी टाकी. नळ मागून.”

मंगळवारी, २२ जुलैला, लोकसभेत मतदान झालं. गुरुजींनी बॅटरीवरचा रेडिओ पारावर आणला होता. दुपारी तीन खासदारांनी नोटांची बंडलं सभागृहात टेबलावर मांडली; गैरहजर राहायला ही आगाऊ रक्कम दिली, असं त्यांचं म्हणणं. राहुल गांधींनी भाषणात विदर्भातल्या दोन बायकांची नावं घेतली, शशिकला आणि कलावती. मूर्तिजापूरहून शकुंतला गाडी ज्या यवतमाळला जायची, त्याच जिल्ह्यातल्या जळक्याची ही कलावती, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको. अशा घरांतला अंधार आणि अणुऊर्जा यांची सांगड भाषणात घातली गेली. रात्री निकाल आला: बाजूनं २७५, विरोधात २५६, दहा जण तटस्थ. सरकार वाचलं. पारावर कोणी म्हणालं, करार जिंकला. कोणी म्हणालं, नोटा जिंकल्या. बाईनं विचारलं, “त्या कलावतीले कोनी कागद वाचून दाखोला का?” त्यावर कोणी काही म्हणालं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, दिल्लीत त्या तीन वर्षांत कलमांवर उत्तम चर्चा झाली होती; शास्त्रज्ञ बोलले, निवृत्त शास्त्रज्ञ उलट बोलले, लेख आले. पण शेवटच्या पंधरवड्यात सगळा देश फक्त डोकी मोजत होता. मोजणी सुरू झाली की वाचणाऱ्याचा आवाज बसतो.

गावातली सभा त्याच आठवड्यात शुक्रवारी झाली. बाहेर खिडकीशी अर्धं गाव. ग्रामसेवकानं प्रोसिडिंग बुक उघडलं, सरपंचानं विषय मांडला, सूचक झाला, अनुमोदक झाला. ‘हात वर करा’ म्हणणार, तोच बाई उभी राहिली. नवरा खिडकीबाहेर होता.

ती म्हणाली, “मले तीन गोष्टी इचाराच्या हायेत. सात इहिरी कोनत्या दाखोनार, थे ठरलं का? टाकी आधी का नळ आधी? अन मांगच्या चिठ्ठीचं काय?”

सरपंचानं ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं माजी सरपंचाकडे पाहिलं. माजी सरपंच म्हणाला, “कोनती चिठ्ठी?” तेव्हा कळलं की ज्या चिठ्ठीमुळे विरोध करण्यासारखं काहीतरी होतं, ती विरोधकांनीही पाहिली नव्हती. टेकूवाल्यांपैकी एकानं मात्र मान डोलावली. त्यानं कुठून तरी मिळवून फक्त तेवढी चिठ्ठीच वाचली होती.

गाडगेबाबांचं लहानपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायची बाबांची रीत या मातीत मुरली आहे. बाई सभेला म्हणाली, “पानी कोन पेते? आपन. करार आनला कोनं? सरपंचानं. मंग सरपंचाले प्याचं हाय का पानी प्याचं हाय? आनला कोनं हे पाहाल त निस्तं भांडन व्हईन. त्याच्यात काय हाय थे पाहाल त पानी येईन, नाहीतं नाही म्हनाले कारन तरी भेटन.”

खिडकीबाहेर कोणी टाळी वाजवली. पुरुषांच्या सभेत बाईच्या बोलण्यावर टाळी पडली की कामकाज दहा मिनिटं थांबतं, तसं थांबलं. मग सरपंचानं, एक हात मिळतोय हे बघून, तिचं म्हणणं ठरावात घेतलं: दाखवायच्या सात विहिरींची यादी ठरावाला जोडावी, आधी टाकी बांधावी, आणि चिठ्ठीबद्दल वरच्या गावाकडून लेखी खुलासा घ्यावा. ठराव पाच विरुद्ध चारनं झाला. टेकूवाल्यांनी विरोधात हात वर केला आणि मला वाटतं तो त्यांचा हक्कच होता. ते निदान आपल्या समजुतीला धरून राहिले. बाईला तिच्या पॅनलनं त्याच संध्याकाळी काढून टाकलं. सिमेंटचा रस्ता तिच्या घराच्या अलीकडे वळला. रस्त्यासाठी हात वर केला नव्हता, म्हणून तिला त्याचं काही वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. वरच्या गावाच्याही ग्रामसभेनं करार मान्य केला, तसा अमेरिकेच्या सिनेटनं १ ऑक्टोबर २००८ रोजी ८६ विरुद्ध १३ मतांनी केला. पण वरच्या गावाचा पाइप काही आला नाही. पाइप फुटून कोणाचं घर पडलं तर भरपाई पाइप विकणाऱ्यानं द्यायची की गावानं, यावर घोडं अडलं. दिल्लीतही २०१० च्या अणुदायित्व कायद्यापासून तेच झालं. करार अमेरिकेशी, आणि त्या कराराखाली अमेरिकी बनावटीची एकही भट्टी अजून इथं उभी नाही. मात्र वरच्या गावानं हात मिळवला म्हणजे खालचं गाव भरवशाचं, असं आजूबाजूच्या गावांना वाटू लागलं आणि त्यांनी पाणी देऊ केलं. तसंच ६ सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली आणि युरेनियम येऊ लागलं, पण रशियाकडून, कझाकस्तानकडून, फ्रान्सकडून, कॅनडाकडून. इंधनाअभावी अर्ध्या ताकदीवर चालणारी केंद्रं त्यावर सावरली. टाकी होती म्हणून गावाला वेगवेगळ्या गावांचं पाणी साठवता आलं. पुढच्या निवडणुकीत माजी सरपंच आजी झाला आणि नळाचं उद्घाटन त्यानंच केलं. भाषणात म्हणाला, हे पाणी आमच्या प्रयत्नांचं फळ आहे. पहिलं बोलणं त्यानंच काढलं होतं हे खरंच असल्यामुळे, कोणाला त्याला खोटं पाडता आलं नाही.

पण टाकी बांधायला घेतली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आणि खरी कथा मला तिथंच वाटते.

चौथ्या कलमातला तो ‘अमुक गट’ म्हणजे एका बुढ्याचं वावर होतं. चार एकर, त्यातला नदीकडचा तुकडा. मोजणीवाले खुंट्या ठोकायला आले तेव्हा बुढ्यानं दोन खुंट्या उपटल्या आणि तिसरी हातात घेऊन थेट बाईच्या दारात आला. कोकणात माडबनच्या लोकांनी विचारलं तेच तो विचारत होता. जैतापूर प्रकल्पाच्या सहा फ्रेंच भट्ट्या, ९,९०० मेगावॅट, देशाला वीज. पण जमीन कोणाची, मासळी कोणाची? दिल्लीत २७५ हात वर झाले तेव्हा त्यातला एकही हात माडबनच्या सड्यावरचा नव्हता. एप्रिल २०११ मध्ये त्या भागात पोलिसांच्या गोळीनं एक माणूस गेला.

बुढा म्हणाला, “साऱ्या गावात तूच एकली वाचनारी निंगाली म्हने. मंग माह्या वावराचं वाचलं तवा तुले मी काहून दिसलो नाही?”

बाईला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री कंदिलाखाली चौथं कलम कसं भरभर उलटलं ते तिला लख्ख आठवलं. ते पाणी देत नव्हतं, काढून घेत होतं, आणि घेणं तिच्या घरातून नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, उद्या येतो वावरात.”

नवऱ्यानं रात्रभर समजावलं. ठराव झाला आहे, आता बुढ्यापुढं वाचलं की गाव म्हणेल हिनं पाणी अडवलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच दगड मारतील. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

सकाळी ती सात पानं आणि मागची चिठ्ठी घेऊन वावरात गेली. बुढा धुऱ्यावर बसला. त्याला अक्षर येत नव्हतं. ती समोर बसली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण एकच कलम वाचून दाखवणं म्हणजे टेकूवाल्याच्या चिठ्ठीसारखं झालं असतं. मोजणीवाले बाभळीखाली चहा पीत थांबले. सरपंच मोटारसायकलवरून आला, ‘वयनी, हे काय लावलं’ म्हणाला आणि गाडी बंद न करताच उभा राहिला. बुढ्यानं त्याला हातानं गाडी बंद करायची खूण केली, ऐकू येत नाही म्हणून.

ती चौथ्या कलमाला आली. गट नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या, किती गुंठे ते वाचलं, मोबदल्याचा आकडा वाचला.

“थांब, माय,” बुढा म्हणाला. “थे गुंठ्याचं पुन्हा वाच.”